अस्थिकुंभावरचे मोर

दिल्लीला बदलून आलेल्या मराठी माणसाचे पहिले वर्ष सरकारी घर मिळवण्यात जाते, आणि पुढची वर्षे गावाहून आलेल्या पाहुण्यांना दिल्ली दाखवण्यात जातात. २०१९ सालच्या दिवाळीत असेच पाहुणे घेऊन मी जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात गेलो होतो. त्यांत माझे वडीलही होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. हरप्पा-संस्कृतीच्या दालनात मंडळी त्या सुप्रसिद्ध नर्तकीच्या पुतळीभोवती जमली आणि ती प्रत्यक्षात वीतभरही नाही म्हणून हिरमुसली. अण्णा मात्र एका रंगवलेल्या कुंभापाशी उभे राहिले. तांबड्या अंगाचा, फुगीर पोटाचा तो मातीचा कुंभ. त्याच्या खांद्यावर काळ्या रंगात काढलेले मोर. मृतांच्या अस्थी ठेवण्यासाठी अशा कुंभांचा उपयोग करीत, असे पाटीवर लिहिले होते. अण्णांनी पाटी वाचली आणि म्हणाले, “अरे, हे तर आपल्या लाडमोडासारखंच की. पण आपल्याकडच्यांवर मोर नव्हते म्हणे.”

लाडमोड हे नेवाशाच्या पांढरीच्या टेकाडाचे नाव. त्याच्याविषयी पुढे लिहिणारच आहे. त्या दिवशी अण्णांच्या त्या एका वाक्याने जो किडा माझ्या डोक्यात सोडला, तो सव्वादोन वर्षांनी मला फारच निराळ्या जागी पुन्हा भेटला.

आधी त्या मोरांची हकीकत सांगतो. हरप्पा हे गाव रावी नदीच्या जुन्या पात्राकाठी, पूर्वीच्या माँटगोमेरी आणि आताच्या साहिवाल जिल्ह्यात आहे. १९४७ पासून ते पाकिस्तानात गेले. दयाराम साहनी यांनी १९२०-२१ मध्ये तेथे खोदकामाला आरंभ केला, आणि १९२६ पासून १९३४ पर्यंत माधोसरूप वत्स यांनी ते मोठ्या प्रमाणावर चालवले. वत्स हे तुमच्याआमच्यासारखे सरकारी नोकर. पुढे ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल छापून बाहेर पडला १९४० साली, म्हणजे कुदळ खाली ठेवल्यावर सहा वर्षांनी. फाइलींशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना हा विलंब फारसा वाटणार नाही.

उत्खननात सापडलेल्या एका दफनभूमीला वत्सांनी ‘एच’ हे अक्षर दिले. तिच्यात दोन थर होते. खालच्या थरात प्रेते जमिनीतच पुरलेली होती, सोबत मडकी ठेवलेली. वरच्या थरात मात्र कुंभ होते, शंभराहून अधिक. त्यांपैकी काहींत तान्ही मुले जशीच्या तशी, अंग मुडपून ठेवलेली होती. मोठ्या माणसांची मात्र कवटी आणि काही लांब हाडे एवढेच. याचा अर्थ असा की मृत देह आधी कोठे तरी उघड्यावर ठेवून, मांस गळून गेल्यावर मोजकी हाडे वेचून कुंभात घातली जात. तेव्हा हे दहनानंतरचे कुंभ नव्हेत, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. परंतु वेचणे, भरणे, तोंड झाकणे आणि निरोप देणे या गोष्टी त्यांच्या आणि आपल्या सारख्याच आहेत. या थराचा काळ आता इसवी सनपूर्व १९०० ते १३०० यांच्या दरम्यान धरतात. म्हणजे मोठी नगरे मोडत चालली होती, मुद्रा आणि लिपी मागे पडत होती, आणि तरीही कोणी तरी बसून मृतांच्या कुंभावर मोर काढीत होते.

आणि केवळ मोरच नव्हे. पाने आहेत, झाडे आहेत, मासे आहेत, तारे आहेत, पाण्याच्या लाटांसारख्या नागमोडी रेघा आहेत, मोठ्या शिंगांचे बोकड आणि बैल आहेत. एका कुंभावर लांब केसांचा एक माणूस दोन्ही बाजूंच्या दोन गुरांना धरून उभा आहे आणि त्यांतील एकावर कुत्रा तुटून पडला आहे. काही मोरांच्या पोटात एक वर्तुळ आहे आणि त्या वर्तुळात आडवी पडलेली एक लहानशी मानवाकृती. हे चित्र एकदा पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही.

वत्सांनी या चित्रांचा अर्थ ऋग्वेदाच्या आधाराने लावला. मोराच्या पोटातील आकृती म्हणजे मृताचा सूक्ष्म देह, त्याला मोर परलोकी घेऊन चालला आहे. कुत्रा तो यमाचा. बोकड म्हणजे दहाव्या मंडळातील अग्निसंस्काराच्या सूक्तात येणारा अज. गुरे म्हणजे मृताला पैलतीरी नेणारी गाय. अर्थ असा चपखल बसवला आहे की वाचताना मान डोलावी. पुढे मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ साली या दफनभूमीतील लोक म्हणजे नव्याने आलेले आर्य असावेत असे सुचवले, आणि काही काळ तेच मत पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले. १९८६ पासून हरप्पाला जे नवे काम झाले त्याने ही नव्या लोकांची कल्पना सैल पडली. त्या कामात आढळले ते असे की मडकी घडवण्याची रीत हळूहळू बदलत गेली आहे, आणि एक लोक जाऊन दुसरे आले असा तुटक सांधा दिसत नाही.

मला स्वतःला वत्सांच्या अर्थाविषयी एक निराळीच शंका आहे, आणि ती विद्वत्तेची नाही. ऋग्वेदात मृताला वाहून नेणारा मोर नाही. मोर आहे तो रावीकाठच्या रानात. कुत्रा यमाचा असेल, पण तो गुराख्याचाही असतो. बोकड, बैल, मासा, पिंपळाचे पान, रात्रीचे तारे ही सारी त्या कुंभाराच्या दारातून दिसणारी सृष्टी आहे. मोराच्या पोटातील माणूस तेवढा दारातून दिसत नाही. तेथे काही श्रद्धा आहे हे उघड आहे, आणि ती परलोकाविषयीच असणार. परंतु ज्याच्या पोटात त्या माणसाला घातले आहे तो पक्षी कोणी दूरचा, अद्भुत, न पाहिलेला पक्षी नाही. तो रोज सकाळी शेतात ओरडणारा आहे. मनुष्य गेला तो ओळखीच्याच्या पोटात गेला.

ही शंका मी एखाद्या संशोधकापुढे मांडण्याचे धाडस केले नसते. पण २०२२ च्या जानेवारीत अण्णा आमच्या दिल्लीच्या क्वार्टरमध्ये वारले. थंडीपुरते आईसह आमच्याकडे राहायला आले होते. निगमबोध घाटावर सर्व झाले. तेथे जो कागद भरावा लागतो त्यात ‘स्थायी पत्ता’ असा रकाना होता. मी कारकून माणूस. दिवसभर इतरांच्या अर्जांतले असले रकाने तपासतो, आणि चालू पत्ता स्थायी म्हणून लिहिणाऱ्यांचे अर्ज परत पाठवतो. त्या दिवशी माझा हात तेथे थांबला. शेवटी नेवासे तालुक्यातील गावाचे नाव घातले. त्या घरात आता चुलतेच राहतात.

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायच्या. बरोबर आणलेले भांडे नव्हते. घाटाजवळच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने अगदी सहज विचारले, “फूल चुनने हैं न? सादा दूँ या नक्काशीवाला?” पुढ्यात दोन प्रकार मांडले. एक मातीचे मडके, वर बांधायला लाल फडके. दुसरा पितळेचा झाकणाचा कलश. त्याच्या पोटावर कमळे कोरलेली, आणि कमळांच्या वर समोरासमोर दोन मोर. मी त्या मोरांकडे इतका वेळ पाहत राहिलो की दुकानदाराला वाटले, मी किमतीचा विचार करीत आहे.

उत्तरेत अस्थींना ‘फूल’ म्हणतात, हे तोवर मी ऐकून होतो, पण कधी मनात शिरले नव्हते. आपण राख सावडतो, ते फुले वेचतात. आपला शब्द अधिक खरा आहे आणि त्यांचा अधिक दयाळू. कलशावर कमळ कोरणाऱ्या कारागिराला वेगळे काही सुचवावे लागत नसेल. त्याच्या भाषेनेच ते सुचवून ठेवले आहे.

साधा की नक्षीचा, या प्रश्नाला आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत अगदी स्पष्ट उत्तर आहे. ते मी नंतर शोधून वाचले. आश्वलायन गृह्यसूत्राच्या चौथ्या अध्यायात अस्थिसंचयनाचा विधी आला आहे. पुरुषाच्या अस्थी ‘अलक्षण’ कुंभात आणि स्त्रीच्या अलक्षण कुंभीत घालाव्यात, असे सूत्रकार सांगतो. टीकेच्या परंपरेत या शब्दाचा संबंध घटाच्या अंगावरील उंचवट्यांशी लावतात. मी त्याचा साधा अर्थ घेतो, की ज्यावर काही खूण नाही असे भांडे. पुढचा सगळा विधी मात्र विलक्षण हळुवार आहे. शमीच्या फांदीने दूधपाणी शिंपून आधी ती जागा निववायची. मग अंगठा आणि अनामिका या दोन बोटांनी एकेक अस्थी उचलायची आणि आवाज न करता कुंभात ठेवायची. पायांच्या आधी, मस्तकाच्या शेवटी, म्हणजे कुंभात माणूस जणू उभाच राहतो. वेचणारे वयोवृद्ध असावेत आणि त्यांची संख्या विषम असावी. नंतर, जेथे पावसाच्या पाण्याखेरीज दुसरे पाणी वाहून येत नाही अशा ठिकाणी खड्डा करून तो कुंभ मातीत ठेवायचा, खापराने झाकायचा, आणि मागे वळून न पाहता परतायचे.

येथे दोन गोष्टींनी मला आश्चर्य वाटले. पहिली ही की सूत्रकाराच्या विधीत नदी नाही. गंगेत अस्थी सोडणे आपल्याला अनादि वाटते, पण या ग्रंथात कुंभ पृथ्वीच्या कुशीत जातो आणि पृथ्वीला आई म्हणून आळवले जाते. दुसरी ही की जो ग्रंथ बोटे कोणती वापरावीत हे सांगतो, तो कुंभावर काय काढावे याविषयी एक अक्षर बोलत नाही, उलट काही नसावे असेच म्हणतो. मोर काढणारे आणि न काढणारे असे दोन प्रवाह या भूमीत पूर्वापार आहेत. घाटावरच्या दुकानदाराने माझ्यापुढे जे दोन नग ठेवले त्यांत निदान तीन हजार वर्षांचा वाद होता, आणि त्याचा निकाल मला दहा मिनिटांत द्यायचा होता.

बौद्धांनी या बाबतीत नक्षीवाल्यांची बाजू घेतली, असे म्हणायला हरकत नाही. कुशीनगरला बुद्धांचे दहन झाले, आणि अस्थींवरून राजांचे भांडण जुंपले तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ वाटे केले. स्वतःसाठी त्याने मागितले ते अस्थी मोजण्याचे रिकामे भांडे, आणि त्यावर त्याने स्तूप बांधला. महापरिनिब्बान सुत्तातील हा द्रोण मला फार आवडतो. ज्याने पात्राची किंमत ओळखली असा इतिहासातील तो पहिलाच माणूस असावा. नेपाळच्या सीमेजवळ पिप्राहवा येथे १८९८ साली जो स्तूप उघडला, त्यात स्फटिकाचा एक करंडक निघाला. त्याच्या झाकणाची मूठ म्हणजे एक पोकळ मासा, आणि अवतीभोवती सोन्याची फुले व तारे. आपल्या सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खोदला, तेथेही एकात एक पाच करंडक आणि त्यांत सोन्याची फुले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मात्र होते भिक्षापात्राचे मातीचे तुकडे. राजे आणि श्रेष्ठी यांच्या घरची ही गोष्ट. तिच्यात मी अधिक रमत नाही.

याहून माझ्या मनाला लागली ती तमिळांची हकीकत, आणि ती मला कळली कचेरीतच. माझ्या शेजारच्या टेबलावर एक तमिळ सहकारी आहेत. दहावा आटोपून मी कामावर रुजू झालो तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे चौकशी केली, आणि मी त्या दुकानाची गोष्ट सांगितल्यावर ते म्हणाले, “आमच्याकडे कुंभ निवडण्यावर कविताच आहेत.” थट्टा नव्हती. ‘पुरनानूरु’ या चारशे कवितांच्या प्राचीन संग्रहात कुंभाराला उद्देशून दोन कविता आहेत. एकीत चोळ राजा वारला आहे आणि कवी कुंभाराची कीव करतो, की एवढ्या मोठ्या कीर्तीच्या माणसाला पुरेल असा कुंभ घडवायला तू पृथ्वीचे चाक आणि मेरूची माती कोठून आणणार? दुसरी कविता एका निनावी विधवेची आहे. गाडीच्या आसाला चिकटून बसलेली पाल जशी गाडीबरोबर रानोमाळ फिरते, तशी ती नवऱ्याबरोबर उजाड मुलूख ओलांडून आली होती. आता तो वाटेतच गेला, आणि ती परक्या गावच्या कुंभाराला विनवते आहे की दादा, कुंभ जरा रुंद कर, त्यात मलाही मावायचे आहे.

सहकाऱ्यांनी हा अर्थ सांगितला तेव्हा समोर फाइल उघडी होती आणि मी तिच्यातच पाहत राहिलो. या बाईला नक्षी नको आहे. तिला फक्त माप हवे आहे. आणि ती हे मागते आहे परमुलखात, जेथे तिचे कोणी नाही.

तमिळ देशात अशा कुंभाला ताळि म्हणतात. कवितेतील ताळि केवळ कवींच्या कल्पनेतील नव्हे, याचा पुरावा आदिच्चनल्लूर येथे आहे. ताम्रपर्णीच्या काठचे हे टेकाड तुत्तुकुडी जिल्ह्यात आहे. अलेक्झांडर री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे खोदकाम केले, आणि पुढे सुमारे शंभर वर्षांनी, २००४ साली, पुरातत्त्व खात्याने सत्यमूर्ती यांच्या देखरेखीखाली पुन्हा खोदले तेव्हा थोड्याशा जागेत दीडशेहून अधिक कुंभ निघाले. त्या वेळी सापडलेल्या मडक्याच्या काही तुकड्यांवर ओल्या मातीच्या वळ्या चिकटवून एक देखावा केलेला आहे. एक सडपातळ उंच स्त्री, शेजारी उभे पीक, ते भाताचे असावे, त्यावर बसलेला बगळा, एक हरिण आणि एक मगर. रावीच्या काठी मोर आणि बैल, ताम्रपर्णीच्या काठी भात, बगळा आणि मगर. चित्रे बदलली ती नदी बदलली म्हणून. माझ्या शंकेला येथे बळ आले. मेलेल्या माणसाच्या कुंभावर लोक त्याचे गाव काढीत होते. कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर तो रकाना ते चित्राने भरीत होते.

आता आपल्या नदीकडे वळतो, म्हणजे प्रवरेकडे. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते. त्या गावाजवळच्या टेकाडात ज्ञानेश्वरांच्याही आधीची अडीच हजार वर्षे दडलेली होती, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या पुण्याच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात लाडमोडाचे टेकाड खोदले. याच खोऱ्यात संगमनेर तालुक्यात जोर्वे गाव आहे. तेथे आधी, १९५०-५१ मध्ये, काळी नक्षी असलेली तांबडी भांडी सापडल्यामुळे या साऱ्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडले. तिचा काळ ढोबळमानाने इसवी सनपूर्व १४०० ते ७०० असा धरतात. हे लोक शेतकरी होते. घरे कुडाची, जमीन चोपलेली. लहान मूल गेले की दोन मडकी घ्यायची, मुलाला त्यांत ठेवायचे, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवायची, आणि घराच्याच जमिनीखाली खड्ड्यात आडवी निजवून ठेवायची. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती.

माझे आजोबा त्या खोदकामावर रोजंदारीने पाट्या उचलायला होते. त्यांच्याकडून अण्णांनी आणि अण्णांकडून आम्ही ऐकलेली गोष्ट अशी. एके दिवशी जमिनीत दोन मडकी तोंडाला तोंड लावलेली दिसू लागली. पुण्याच्या साहेबांनी सगळ्यांना मागे सारले आणि स्वतः बसून कुंचल्याने माती झाडू लागले. आतून इवलीशी हाडे निघाली. तोवर कामावरच्या बाया धनाची हंडी निघाली म्हणून वाकून पाहत होत्या. त्या एकदम गप्प झाल्या, आणि त्या दिवशी त्या बाजूची पाटी कोणी बाईने उचलली नाही. आजोबा म्हणत, “तीन हजार वर्सांपूर्वीचं लेकरू, पन त्या बायांना कालचं वाटलं.”

जोर्वे लोकांच्या जेवणाखाण्याच्या भांड्यांवर सुरेख नक्षी असते, पण या जोडमडक्यांपैकी पुष्कळशी करड्या रंगाची, जाडीभरडी, बिननक्षीची आहेत. अण्णा म्हणत होते ते खरे होते. त्यांच्यावर मोर नाहीत. मला वाटते, घराच्या आतच ठेवायचे असेल तर गाव कशाला काढायचे? ते मूल कोठे गेलेच नव्हते.

मात्र या माझ्या तर्काला अडचण आणणारे एक उदाहरण मला लपवता येत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून पुढे सुमारे बारा-चौदा वर्षे तेथे पुण्याच्या विद्वानांनी चिकाटीने उत्खनन केले. तेथे प्रौढांची दफने बहुधा उताणी, उत्तर-दक्षिण, आणि पाय घोट्यापासून तोडलेली आहेत. परंतु एका मोठ्या घरात चार पायांचा, कच्च्या मातीचा एक अगडबंब रांजण निघाला. त्याचा आकार काहीसा स्त्रीदेहासारखा, आणि आत चाळिशीचा एक पुरुष बसलेला. त्याचे पाय तोडलेले नव्हते. सोबत ठेवलेल्या एका मडक्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली आहे. मेलेल्याला पाणी ओलांडून पलीकडे जावे लागते अशी कल्पना त्यामागे असावी, असे मधुकर ढवळीकर यांचे मत होते. घोड नदी उन्हाळ्यात गुडघाभरही नसते, तेव्हा ही नाव दारातून दिसणारी आहे असे मला म्हणता येत नाही. कदाचित तो माणूस कोठून तरी दुरून आलेला असेल, किंवा दूर कोठे जाऊन आलेला. की ढवळीकरांचेच खरे? मी येथे थांबतो.

घाटावरच्या दुकानात हे सारे मला अर्थातच सुचलेले नव्हते. आई टॅक्सीत बसली होती. मी तिच्याकडे जाऊन दोन्हींचे वर्णन केले आणि म्हणालो, “आई, पितळेचा घेऊ का? मोर आहेत त्यावर. संग्रहालयात अण्णांना आवडले होते.” तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “मोर कुठले रे आपल्याकडे? ऊस आन् बाभळी. साधं घे.”

म्हणून साधे घेतले. लाल फडके बांधले. ओळखीच्यांपैकी बहुतेकांनी हरिद्वार सुचवले. ते जवळ, गाडी रात्रीची, सकाळी सगळे आटोपते, आणि रजाही एकच दिवस लागते. दिल्लीत आयुष्य काढलेल्या मराठी कुटुंबांनी हाच मार्ग धरला आहे आणि त्यात उणे काही नाही. पण अण्णांनी हरिद्वार पाहिलेले नव्हते. मी चार दिवसांची रजा टाकली. गोवा एक्सप्रेसने नगरपर्यंत मडके मांडीवर धरून गेलो. ते खालच्या बर्थखाली ठेवणे मनाला येईना. समोरच्या बाकावर एक फौजी होता. त्याने काही विचारले नाही, पण रात्री मला डुलकी लागली तेव्हा त्याने त्या मडक्याला हात लावून ठेवलेला होता.

नेवाशाच्या पुढे टोक्याजवळ प्रवरा गोदावरीला मिळते. प्रवरासंगम म्हणतात ते हेच. जायकवाडीच्या जलाशयामुळे तेथे पाणी पसरलेले असते. चुलते आधीच येऊन उभे होते. त्यांनी मडके माझ्याकडून घेतले, बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, कान लावला, आणि म्हणाले, “दिल्लीचं काय रे हे? कच्चं भाजलंय. आपला कुंभार असं देत नाही.” फडके सोडले. काठावर बाभळी होत्या, त्यांच्या मागे उसाचे फड. पाण्याच्या कडेला दोन बगळे होते, ते आमची चाहूल लागताच उडून थोडे पलीकडे जाऊन बसले.

मडके अस्थींसकट पाण्यावर सोडले. ते दहा हातही गेले नाही. कड पाण्याखाली गेली, आतून दोनदा बुडबुडे आले, आणि ते खाली बसले.